शंभराचं सत्तर करणारा नेटवाला

एका गावात एक नेटवाला होता. राजाच्या, कोल्ह्याच्या आणि सावकाराच्या गोष्टी पुष्कळ सांगून झाल्या. आता गावोगाव राज्य नेटवाल्याचं आहे, तेव्हा गोष्टही त्याचीच सांगायला हवी. त्याचं नाव दिनकर तोडकर. वय सेहेचाळीस, पण गुडघे साठीचे. चारशे बारा घरांत त्याच्या तारा गेल्या होत्या आणि त्यांतल्या कुणाचं ना कुणाचं काहीतरी रोज बिघडलेलं असायचंच. सकाळी चहाचा कप तोंडाला लावला की फोन, संध्याकाळी ताटावर बसला की फोन. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता. दमलेल्या माणसाला लोक वाईट समजतात आणि काही वर्षांनी तो स्वतःही तसंच समजू लागतो.

दिनकरकडे सगळ्या तक्रारींवर दोनच औषधं होती. पहिलं औषध म्हणजे शंभर. कुणी म्हणालं, "नेट नीट चालत न्हाई," की तो त्या घरी जाऊन खिशातून मोबाइल काढायचा आणि वेग मोजायचं पान उघडायचा. काटा थरथरत वर चढायचा आणि शंभरावर टेकायचा. "शंभर येतंय की," दिनकर म्हणायचा, "तुमच्या मोबाइलातच खोट असंल." काट्याशी कोण भांडणार? दिनकर शिडी खांद्यावर टाकायचा आणि पुढच्या घरी जायचा.

दुसरं औषध म्हणजे 'आलोच'. हे फोनवर द्यायचं. कुणीही बोलावलं की दिनकर म्हणायचा, "आलोच." कधी तो खरोखरच चहाला उकळी फुटायच्या आत दारात हजर व्हायचा. कधी संध्याकाळी यायचा, कधी तिसऱ्या दिवशी. तो खोटं बोलत नव्हता. म्हणताना त्याला मनापासून वाटायचं की आपण निघालोच. फक्त तेच तो एका सकाळी नऊ जणांना सांगायचा, कारण 'नाही' म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. मग नऊ घरांत नऊ माणसं दाराकडे डोळे लावून बसायची. ना बाजाराला जाता येई, ना शेताला.

वेशीजवळच्या आळीत आक्काताई शिरगुप्पे राहायच्या. त्यांची मुलगी हेमांगी सत्तावीस वर्षांची. शेतकी शिकलेली, बियाण्याचा दाणा हातात घेऊन तो उगवेल की नाही हे सांगणारी. पण बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच ठिय्या देऊन बसायचा. अडखळण्याचं दुःख ती लहानपणापासून सोसत आली होती. समोरचा थांबत नाही, हे दुःख मात्र तिला रोज नव्याने व्हायचं. तीन मुलाखतींत तिला सगळी उत्तरं येत होती. ती बाहेर पडायच्या आधीच समोरच्यांनी "बरं, बरं, कळवू" म्हणून कागद मिटले.

आता चौथी मुलाखत आली होती. बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली होती. मुलाखत नेटवरूनच होणार होती, पुढल्या आठवड्यातल्या शनिवारी, संध्याकाळी सहाला. घेणारे लोक दिवसभर शेतांवर फिरत, म्हणून ती वेळ. हीही गेली तर पुन्हा म्हणून अर्ज करायचा नाही, असं हेमांगीने आईला सांगून टाकलं होतं. आक्काताईंनी ते ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून त्यांना झोप लागेना.

हेमांगी चार महिने पुण्याच्या जोगबाईंकडे बोलायला शिकत होती. शिकवणी रोज संध्याकाळी सातला, नेटवर. बाईंची रीत साधी होती. अवघड शब्दाआधी थांबायचं, श्वास घ्यायचा आणि शब्दाला येऊ द्यायचं. तोवर बाई थांबणार. बाई खरंच थांबायच्या. हेमांगीचं कुठलं थांबणं अडल्याचं आणि कुठलं तयारीचं, हे त्यांना कळू लागलं होतं. चार महिन्यांत पोरीच्या तोंडून अख्खी वाक्यं यायला लागली.

मग दिनकरने गावात आणखी साठ घरं जोडली आणि संध्याकाळच्या नेटचं बिनसलं. बंद पडलं असतं तर परवडलं असतं. ते बंद पडत नव्हतं. एक शब्द बोलल्याबरोबर पुण्याला पोचायचा. पुढचा वाटेत रेंगाळायचा. त्यापुढचे तीन एकदम जाऊन पडायचे. हेमांगी थांबली की बाईंना वाटायचं, लाइन अडकली. लाइन अडकली की वाटायचं, हेमांगी अडकली. बाई धीर द्यायला बोलायच्या आणि त्यांचा धीर नेमका हिच्या आलेल्या शब्दावर येऊन आदळायचा. शब्द दचकून माघारी फिरायचा. पंधरा दिवसांत हेमांगी आईशी बोलतानासुद्धा पुन्हा अडखळू लागली.

आक्काताईंनी सोमवारी दिनकरला फोन केला. दिनकर म्हणाला, "आलोच." शेतात भुईमुगाच्या शेंगा काढायला आल्या होत्या, तरी आक्काताई सोमवारभर घरी थांबल्या. मंगळवारीही थांबल्या. बुधवारी भर दुपारी दिनकर आला. गाव सगळं शेतात होतं, तारा मोकळ्या होत्या. काटा झरकन शंभरावर गेला.

"दुपारचं चांगलंच असतंय ओ," आक्काताई म्हणाल्या. "सांजंला या की."

"आलोच सांजंला," दिनकर म्हणाला आणि त्या दिवशी आला नाही. गुरुवारीही आला नाही.

शुक्रवारी मात्र तो आला, तेही दुसऱ्या कुणाकडे जाताना वाटेत घर लागलं म्हणून. सात वाजून गेले होते, शिकवणी चालू होती. आक्काताईंनी ओठांवर बोट ठेवलं. दिनकर दारातच उंबऱ्यावर टेकला. सकाळपासून चार खांब चढून झाले होते. बसायला मिळालं हेच त्याला पुष्कळ वाटलं.

हेमांगी एक वाक्य म्हणत होती, ओल्या बियाण्याच्या उगवणीबद्दल. ती थांबली, श्वास घेतला आणि शब्द बरोबर आला. पण पडद्यावर बाई अजून तशाच बघत बसल्या होत्या. हेमांगी पुढच्या शब्दावर गेली, तेवढ्यात बाईंचा आवाज आला, "घाई नको हं, हेमांगी." शब्द मोडला. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. मग तिने मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली. हाताखालून बारीक आवाज येत होता, "हेमांगी? आहेस का गं तू?"

दिनकरने हळूच आपला मोबाइल काढून काटा पाहिला. शंभर. किती येतं तेवढंच तो काटा मोजायचा, किती ताटकळून येतं ते नाही. आजवर त्या आकड्याने त्याला शेकडो घरांतून सोडवलं होतं. आज पहिल्यांदाच त्याला आकड्याचा राग आला.

हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं. "काका, उ... उशीर चालतो," ती म्हणाली. "अर्धा सेकंद असू दे, नाहीतर एक. बाई तेवढ्या थांबतील. पण किती थांबायचं, ते दर शब्दाला बदलतं. मग कुणी कसं थांबायचं?"

उत्तर आक्काताईंनी दिलं.

"तुमचं बी तसंच हाय की, दिनकरभाऊ. परवा पाचला येतो म्हणा. मी दोन दिस शेंगा काढून येते. तुमी आलोच म्हणता न् मला ह्या उंबऱ्याला बांधून घालता. उशिराचा राग न्हाई बघा मला. माणसानं वाट तरी किती बघायची, ते कळाय नको?"

त्या रागाने बोलल्या असत्या तर दिनकरने तिथंच ते सोडून दिलं असतं. रोज दहा जण रागावतात. आक्काताई थकून बोलल्या आणि ते त्याला लागलं.

बिघाड कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, खरं म्हणजे महिनाभर ठाऊक होतं. गावात सगळ्यात उंच गच्ची कारखान्याचे संचालक भूपालअण्णा मगदूम यांची. त्या गच्चीवर दिनकरचा मोठा डबा बसवलेला होता. गावात येणारं आणि गावातून जाणारं सगळं त्या डब्यातून जायचं. डबा होता दिनकरसारखाच. कुणालाही नाही म्हणायचा नाही. आलं ते घेतलं आणि रांगेत लावलं. पिठाच्या गिरणीत पन्नास-पन्नास किलोची पोती लागलेली असावीत आणि त्यांच्यामागे एखादी बाई मूठभर नाचणी घेऊन उभी असावी, तसं संध्याकाळी त्या डब्यात व्हायचं. लोकांचे सिनेमे पुढे, हेमांगीचा शब्द मागे. पोती कधी दोन, कधी वीस. म्हणून शब्द कधी लगेच जायचा, कधी ताटकळायचा.

यावर उपायही होता. डबा बसवायला आलेल्या इंजिनिअरने तो तेव्हाच दाखवला होता. डब्याला झेपतं त्याहून थोडं कमीच घ्यायला लावायचं आणि लहान जिनसांना मध्येमध्ये वाट द्यायची. रांग साचतच नाही. पण मग कुठल्याही घरी काटा सत्तरावर थांबणार. दिनकरने तेव्हा हात जोडले होते. शंभर लिहून विकलेल्या मालावर सत्तर कोण दाखवणार? आणि एकट्या शिरगुप्प्यांपुरतं काही करता येत नव्हतं, कारण गर्दी त्यांच्या तारेत नव्हतीच. ती सगळ्यांच्या वाटेवर होती.

शेजारच्या गावात दुसऱ्या नेटवाल्याने नुकतीच 'दीडशे'ची पाटी लावली होती. दिनकरने सगळं बायकोला, शालनला सांगितलं.

"लोक सोडून जातील," शालन म्हणाली.

"जातील."

"मग?"

"मग काय. खांब तरी कमी चढावं लागतील."

हसू दोघांनाही आलं नाही.

रविवारी सकाळी दिनकरने चौकातल्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'आजपासून सर्वांना सत्तर. पैसेही सत्तराचेच घेतले जातील. संध्याकाळी बोलणं तुटणार नाही.' मग गच्चीवर जाऊन डब्याला नवं वळण लावलं. त्या संध्याकाळी जोगबाई हेमांगीला म्हणाल्या, "आज कळतंय गं मला, तू कधी थांबतेस ते." आक्काताईंनी हे दिनकरला मुद्दाम फोन करून सांगितलं.

बाकीचे फोन वेगळे होते. "शंभर कुठं गेलं?" हा एकच प्रश्न दिनकरने त्या आठवड्यात दीडेकशे वेळा ऐकला. ज्यांना रोज संध्याकाळी परगावच्या लेकीशी बोलायचं असे, ते लोक दोन दिवसांनी गप्प झाले. ज्यांना नुसता काटा बघायचा होता, ते झाले नाहीत. एकतीस घरांनी दीडशेची पाटी धरली. त्यांच्या तारा दिनकरने स्वतः उतरवून गुंडाळल्या. ती घरं पुन्हा कधी त्याच्याकडे आली नाहीत, हेही सांगून ठेवलं पाहिजे.

त्याने फोनवरचं औषधही टाकलं. आता तो म्हणायचा, "मंगळवारी चारला येतो." लोक टोमणे मारत, "सायब झालाय, तारीख देतोय!" पण मंगळवारी चारला भिंतीला शिडी टेकलेली असायची. मंगळवारपर्यंत माणसं आपापल्या कामाला जाऊन यायची. असं सांगताना दिनकरचा जीव मात्र दर वेळी खालीवर व्हायचा. नाही म्हणण्याची सवय सेहेचाळिसाव्या वर्षी अंगवळणी पडायला वेळ लागतो.

मुलाखतीचा शनिवार उजाडला. दुपारी साडेचारला भूपालअण्णांचा फोन आला. सहाला त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. परदेशातले नातेवाईक तो नेटवरून बघणार होते.

"दिनकर, आजच्या दिवस शंभर करून टाक. चित्र कसं झकास दिसाय पायजे."

"अण्णा, सत्तरावर चांगलं दिसंल. शंभर केलं तर तुटंल."

"मला शिकवतोस व्हय? शंभर कर म्हणतो न्हवं!"

"आठला करतो अण्णा, तुमच्यासाठी. सहाला न्हाई."

ह्या गावात अण्णांना वेळ सांगणारा माणूस अजून जन्मायचा होता.

"डबा माझ्या गच्चीवर हाय, इसरलास काय?"

"न्हाई इसरलो."

"मग उद्या सकाळी उचल तो."

"नऊला येतो," दिनकर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. गावात दुसरी तेवढी उंच गच्ची नव्हती. ती गेली की धंदाच गेला. तासाभरापुरतं शंभर केलं तर काय बिघडणार होतं? कुणाला कळणार होतं? फार तर एका पोरीला कळलं असतं, आणि तिला तर धड तक्रारही करता येत नव्हती. हा विचार मनात आला आणि दिनकरला स्वतःचीच शिसारी आली. जिला ओरडता येत नाही तिच्याच वाटचं काढून घ्यायचं, हे आपण किती सहज ठरवत होतो, असं त्याला वाटलं.

तो उठला आणि अण्णांच्या बंगल्यावर गेला. मांडवात पाहुणे जमत होते, त्याला कुणी अडवलं नाही. मागच्या जिन्याने तो गच्चीवर चढला आणि डब्याशेजारी वरच्या पायरीवर बसून राहिला. कुणी रागाच्या भरात वीज काढलीच, तर निदान आपण तिथं असावं. खाली सनई लागली. सहा वाजले. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि त्यावरून त्याला काहीही कळत नव्हतं. एवढ्या घरांच्या गोष्टी त्या डब्यातून चालल्या होत्या आणि त्याचा जीव एकाच घरात अडकला होता.

पावणेसातला अण्णा स्वतः वर आले. नवा फेटा, कपाळावर घाम.

"म्हाताऱ्या काकानं तिकडनं आशीर्वाद दिला," ते डब्याकडे बघत म्हणाले. "सगळा ऐकू आला." मग फेटा सावरत म्हणाले, "राहू दे तो डबा. पण जिन्यात बसू नको असा, पावणं बघत्यात."

अण्णा खाली गेले. दिनकर उठून गच्चीच्या कठड्याशी जाऊन बसला. आनंद व्हायला हवा होता, पण अंगात तेवढंही बळ नव्हतं.

सात वाजून गेल्यावर फोन आला. नेटवरून, त्याच्याच तारांवरून. पडद्यावर हेमांगी होती, मागे आक्काताई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. हेमांगीने तोंड उघडलं आणि शब्द अडला. तिचा चेहरा स्थिर, ओठ अर्धवट उघडे. आवाज नाही.

एरवी दिनकरने "हॅलो, हॅलो" करून लाइनला शिवी हासडली असती आणि फोन ठेवून दिला असता. पण लाइन अडकली नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ही शांतता तिची होती. त्याने पाठ कठड्याला टेकवली आणि तो थांबला.

"सो... सोमवार," हेमांगी म्हणाली. "सोमवारपासून कामाला बोलावलंय, काका. मी तीनदा अडले. ते थांबले."

दिनकरने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. शब्दच फुटेना.

पलीकडे हेमांगी शांतपणे थांबून राहिली.

तात्पर्य: उशीर माणूस सोसतो, पण किती उशीर हे न कळणं त्याला सोसत नाही. म्हणून देववेल तेवढंच कबूल करावं, आणि ते रोज, सगळ्यांना, सारखंच द्यावं.